गृहस्वावलंबन

कुटुंबाच्या दैनंदिन गरजा भागविणाऱ्या वस्तू व व्यवस्था घरातील व्यक्तींनी शक्य तेवढ्या स्वतः तयार करणे, सुस्थितीत राखणे आणि बिघडल्यास दुरुस्त करणे यासंबंधीचे ज्ञान व कौशल्य म्हणजे गृहस्वावलंबन होय. धान्य व बियाणे टिकविणे, पिण्याचे पाणी शुद्ध करणे, सांडपाण्याची विल्हेवाट लावणे, परसबाग, चूल व इंधन, घराची व अवजारांची डागडुजी, विजेच्या साधनांची निगा इ. बाबींचा त्यात समावेश होतो. स्वावलंबन व स्वयंपूर्णता या दोन कल्पना वेगळ्या आहेत. स्वयंपूर्ण कुटुंब बाहेरून काहीच घेत नाही आणि असे कुटुंब इतिहासात क्वचितच आढळते. स्वावलंबी कुटुंब बाहेरून पुष्कळ काही घेते. मात्र घेतलेली वस्तू कशी चालते, ती का बिघडते आणि तिच्या दुरुस्तीतील कोणता भाग आपल्या हातचा आहे, हे त्याला माहीत असते. यामुळे कोणत्याही गृहोपयोगी कौशल्याचे तीन घटक मानता येतात : (१) बिघाडाचे निदान, (२) योग्य साधनांनी केलेली कृती आणि (३) स्वतःच्या कृतीच्या मर्यादेची जाण. यांतील तिसऱ्या घटकाकडे सामान्यतः दुर्लक्ष होते आणि घरगुती अपघातांचे मूळ बहुधा तेथेच असते.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रातील जुन्या खेड्यात घर व गाव यांच्यात कामाची ठरावीक वाटणी होती. नांगर, मोट, मडकी, पायताण यांसाठी शेतकरी सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार या बलुतेदारांवर अवलंबून असे व त्याचा मोबदला सुगीच्या वेळी धान्यरूपाने देई. दळणकांडण, सारवण, भिंतींचे लिंपण, गोधड्या शिवणे, दोर वळणे, कणग्या लिंपणे, वाळवणे करणे, बियाणे राखणे ही कामे घरात होत व त्यांतील बहुतेक स्त्रियांकडे असत. या व्यवस्थेत कौशल्ये जातीशी बांधलेली असल्याने ज्याच्या हाती कसब त्याला प्रतिष्ठा नाही आणि ज्याला प्रतिष्ठा त्याच्या हाती कसब नाही, अशी स्थिती निर्माण झाली. हत्यार हाती धरणे कमीपणाचे मानण्याची वृत्ती हा गृहस्वावलंबनाच्या प्रसारातील एक जुना अडसर आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात शेतीची मूलतत्त्वे व आरोग्यविषयक पाठ यांचा अंतर्भाव असावा, अशी मागणी केली होती. विसाव्या शतकात म. गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली मगनवाडीत तेलघाणी, चूल, हातकागद इत्यादींवर प्रयोग झाले. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून हस्तोद्योगाद्वारे शिक्षण देणारी ‘नई तालीम’ पुढे आली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणाऱ्या स्वस्त संडासांचे प्रयोग केले व भंगीकाम स्वतः करून हाताच्या कामाची प्रतिष्ठा कृतीने सिद्ध केली. स्वातंत्र्योत्तर काळात कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणात कार्यानुभवाची शिफारस केली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य आणि शेती व पशुपालन अशा चार विभागांत ग्रामीण मुलामुलींना प्रत्यक्ष कामातून मूलभूत तंत्रज्ञान शिकविण्याची पद्धत विकसित झाली.

राहुरी परिसर : गृहस्वावलंबनाची कौशल्ये हवामान, माती व पिके यांनुसार बदलतात. राहुरी (अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) परिसर हे त्याचे बोलके उदाहरण आहे. मुळा नदीकाठचे हे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. पावसाचे वार्षिक प्रमाण सु. ५०० मिमी.च्या आसपास असून तोही अनिश्चित असतो. उन्हाळा कडक व अतिशय कोरडा असतो. प्रवरेवरील भंडारदरा धरण (१९२६) व नंतर बारागाव नांदूर येथील मुळा धरण (ज्ञानेश्वरसागर) यांच्या कालव्यांमुळे तालुक्याचा मोठा भाग बागायती झाला व ऊसशेती पसरली. कालव्याबाहेरची गावे मात्र ज्वारी, बाजरी व कडधान्यांवरच राहिली. त्यामुळे एकाच तालुक्यात पाण्याची टंचाई व पाण्याचा निचरा न होणे अशा परस्परविरुद्ध अडचणी शेजारी-शेजारी आढळतात.

१९६८ मध्ये महाराष्ट्र कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. राज्याच्या इतर विभागांसाठी पुढे स्वतंत्र कृषी विद्यापीठे निघाली आणि राहुरी येथील विद्यापीठ ‘महात्मा फुले कृषी विद्यापीठ’ म्हणून पश्चिम महाराष्ट्र व खानदेश यांतील दहा जिल्ह्यांसाठी काम करू लागले. पिकांच्या वाणांबरोबरच अवजारे, धान्य-साठवण, काढणीपश्चात प्रक्रिया व पाण्याचा वापर हे विषयही त्याच्या कार्यकक्षेत येतात. विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’ ही वार्षिक मार्गदर्शिका शेतकरी कुटुंबांत परिचित आहे. पुढील विवेचन प्रामुख्याने अशा कोरडवाहू व कालवा-बागायती प्रदेशातील घर डोळ्यांपुढे ठेवून केले आहे.

धान्य-साठवण : वर्षाचे धान्य घरात सुरक्षित ठेवणे हे गृहस्वावलंबनाचे सर्वांत जुने व आजही सर्वांत उपयुक्त अंग आहे. साठविलेला दाणा सजीव असतो. तो श्वसन करतो, त्यातून उष्णता व ओलावा बाहेर पडतो. दाण्यात मुळातच ओल अधिक असल्यास श्वसन वाढते, ढिगाच्या आतील भाग गरम होतो आणि बुरशी व कीड यांची वाढ झपाट्याने होते. गहू, ज्वारी यांसारख्या तृणधान्यांतील ओलावा १२ टक्क्यांपेक्षा व कडधान्यांतील ९ ते १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. १० टक्क्यांखाली बहुतेक किडींची वाढ मंदावते. कडक उन्हात वाळविणे हाच साठवणीचा पाया होय, तो याच कारणाने.

ओलावा मापण्याच्या दोन घरगुती पद्धती आहेत. दाणा दाताखाली धरून चावल्यास ‘कट्’ असा आवाज होऊन त्याचे तुकडे पडले, तर तो वाळला असे समजतात; चेपला गेला, तर ओला समजतात. दुसऱ्या पद्धतीत कोरड्या काचेच्या बरणीत धान्य व कोरडे मीठ घालून बरणी काही मिनिटे हलवितात. मीठ बरणीच्या भिंतीला चिकटले, तर धान्य ओले आहे हे निश्चित समजावे; ते न चिकटणे हा मात्र धान्य पुरेसे वाळल्याचा पूर्ण पुरावा नव्हे. धान्य ताडपत्रीवर ३ ते ५ सेंमी. जाडीच्या थरात पसरून अधूनमधून उलथावे. वाळल्यावर ते सावलीत निवू द्यावे व मगच कोठीत भरावे. उन्हातले गरम धान्य तसेच बंद केल्यास रात्रीच्या गारव्याने कोठीच्या आतील बाजूस बाष्प जमते आणि वाळविण्याचे श्रम वाया जातात.

किडींचे दोन गट पडतात. सोंडे, दाणे पोखरणारे छोटे भुंगेरे, धान्यातील पतंग व कडधान्यांवरील भुंगेरे यांच्या अळ्या दाण्याच्या आत वाढतात. त्यामुळे वरून निरोगी दिसणाऱ्या धान्यातही त्या असू शकतात. पिठातील तांबडा भुंगेरा व खापरा भुंगेरा यांच्या अळ्या मात्र दाण्याच्या बाहेर राहून त्याचा भुगा करतात. पावसाळ्यातील उबदार व दमट हवेत सोंड्याची एक पिढी सु. एका महिन्यात पूर्ण होते. कोठी दर महिन्याला उघडून पाहण्याचा जुना प्रघात या जीवनचक्राशी नेमका जुळतो, कारण दुसरी पिढी बाहेर पडण्यापूर्वी प्रादुर्भाव लक्षात येतो. कडधान्यांवरील भुंगेऱ्याची लागण बहुधा शेतातच, पक्व शेंगांवर घातलेल्या अंड्यांपासून होते. म्हणजे कोठी कितीही स्वच्छ असली, तरी कीड घरात येते ती मालाबरोबरच. हा भुंगेरा अखंड दाण्यावर वाढत असल्यामुळे तूर व हरभरा यांची डाळ सुगीनंतर लगेच भरडून ठेवण्याची रीत शास्त्रीय दृष्ट्याही योग्य ठरते. बियाण्यासाठी किंवा उसळीसाठी अखंड ठेवावयाच्या कडधान्यास किलोमागे सु. ५ मिलि. खाद्यतेल सर्व दाण्यांना लागेल असे चोळतात. तेलाच्या पातळ थरामुळे अंड्यांचा हवेशी संबंध तुटतो व ती मरतात. हा परिणाम काही महिन्यांपुरताच टिकतो.

साठवणीच्या पारंपरिक साधनांत तुरीच्या काड्या, निर्गुडीच्या फोका वा बांबू यांची विणून शेणमातीने लिंपलेली कणगी, भिंतीत ठेवलेले बळद, मडक्यांची उतरंड व जमिनीतील पेव ही प्रमुख होत. कणगीच्या भेगांत कीड दडते. म्हणून दरवर्षी नवे धान्य भरण्यापूर्वी ती रिकामी करून उन्हात तापविणे व नव्याने लिंपणे आवश्यक असते. जुने धान्य तळाशी ठेवून त्यावर नवे भरणे म्हणजे किडीला बेणे पुरविण्यासारखे आहे. पेव हे कोरड्या प्रदेशातील साधन असून सोलापूरकडील ज्वारीच्या पट्ट्यात ते विशेष प्रचारात होते. बंद पेवात धान्याच्या व किडींच्या श्वसनाने ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डाय-ऑक्साइड साठतो व कीड गुदमरून मरते. धान्य टिकविणारी हीच हवा पेवात उतरणाऱ्या माणसाला मात्र प्राणघातक ठरते. पेव उघडल्यावर ते काही काळ मोकळे ठेवून, आत कंदील सोडून तो तेवतो की विझतो हे पाहूनच उतरण्याचा दंडक जुन्या पिढीत होता. ज्या घरांना त्याचे कारण ठाऊक नव्हते, त्या घरांत पहिला माणूस बेशुद्ध पडल्यावर त्याला काढण्यासाठी दुसरा व त्यामागून तिसरा उतरण्याचे अनर्थ घडत. जुनी विहीर, गोबरवायू-संयंत्राची टाकी व मलकुंड यांनाही हा धोका लागू आहे. त्यांत मिथेन, हायड्रोजन सल्फाइड यांसारखे वायू असतात. त्यांतील मिथेन ज्वालाग्राही असल्यामुळे तेथे दिव्याची परीक्षा स्फोटक ठरू शकते. अशा ठिकाणी घरच्या माणसाने उतरू नये, हाच एकमेव नियम होय.

भारत सरकारने १९६० नंतरच्या दशकात ‘धान्य वाचवा’ मोहीम सुरू केल्यावर जस्तलेपित पत्र्याच्या कोठ्यांचा प्रसार झाला. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने कच्च्या विटांच्या दोन भिंतींमध्ये पॉलिथीनचा कागद घालून बांधावयाची ‘पुसा कोठी’ तयार केली. ती गावातील साहित्याने घरीच बांधता येते. पत्र्याची कोठी जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा फळीवर, भिंतीपासून थोडी दूर ठेवावी. त्यामुळे जमिनीची ओल लागत नाही आणि मागील बाजूने उंदरांचा वावर दिसतो.

विषारी रसायनांबाबत स्वतंत्र इशारा आवश्यक आहे. पूर्वी घराघरांत वापरल्या जाणाऱ्या ईडीबी (एथिलीन डायब्रोमाइड) कुप्यांवर भारतात २००१ मध्ये बंदी आली. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचा हवेतील ओलाव्याशी संबंध येताच फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू निर्माण होतो. त्यावर उतारा उपलब्ध नाही. ही गोळी म्हणजे गुदामात, प्रशिक्षित माणसांनी, हवाबंद आच्छादनाखाली वापरावयाचे धुरीद्रव्य आहे. ज्या खोलीत वा ज्या छपराखाली माणसे झोपतात, तेथील पोत्यांत ती ठेवल्यास वायू पोत्यातून बाहेर पडून निद्रिस्त कुटुंबाला मारू शकतो व अशा घटना घडल्या आहेत. लहान मुले त्यांत प्रथम बळी पडतात. धान्यात पाऱ्याच्या टिकड्या ठेवण्याची प्रथाही सोडून देणे हिताचे आहे. टिकडी फुटल्यास पारा धान्यात मिसळतो. तांदळाला बोरिक भुकटी चोळली असल्यास तो शिजविण्यापूर्वी अनेकदा धुवावा आणि असा तांदूळ तान्ह्या मुलांच्या पेजेसाठी वापरू नये. घरगुती साठवणीत वाळवण, स्वच्छता, हवाबंद कोठी व मासिक तपासणी या चार गोष्टी कटाक्षाने पाळल्यास विषाची गरज क्वचितच पडते.

बियाणे राखणे : स्वतःचे बियाणे राखणे हा धान्य-साठवणीचाच पुढचा भाग होय. जोमदार व निरोगी झाडांची कणसे उभ्या पिकातच निवडून, ती वेगळी वाळवून, मडक्यात चाळलेल्या कोरड्या राखेच्या थरांत ठेवण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र होती. राखेमुळे दाण्यांमधील मोकळी जागा भरते, किडीच्या हालचालीस अटकाव होतो व तिच्या शरीरावरील मेणासारखा थर घासला जाऊन ती शुष्क होते. राहुरीच्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी याच घरगुती ज्ञानाच्या बळावर भाज्या, कडधान्ये व भात यांच्या गावरान वाणांचा संग्रह उभारला. ‘बाएफ’ या संस्थेच्या साहाय्याने त्याला बीजबँकेचे रूप आले व राहीबाईंना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या एका शेतकरी स्त्रीच्या हातचे कौशल्य हे शास्त्रीय संग्रहालाही पूरक असते, ही गोष्ट त्यातून सर्वमान्य झाली.

सरळ वाणांचे बियाणे घरी राखता येते. मोहोळ येथे निवड पद्धतीने विकसित झालेली ‘मालदांडी ३५-१’ व राहुरी विद्यापीठाची ‘फुले वसुधा’ हे रब्बी ज्वारीचे वाण त्याची उदाहरणे होत. संकरित वाणाचे घरचे बियाणे पेरल्यास पुढील पिढीत मूळ गुण विभागले जातात व पीक एकसारखे येत नाही. पेरणीपूर्वी उगवणशक्ती पाहण्यासाठी ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने मांडून तो गुंडाळतात व ओलसर ठेवतात. काही दिवसांनी मोड आलेले दाणे मोजले की टक्केवारी मिळते. ती कमी असल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे व फारच कमी असल्यास ते पेरू नये. या साध्या चाचणीने दुबार पेरणीचा खर्च वाचू शकतो. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा व बोधचिन्ह न लावता विकण्याचा हक्क आहे.

पाणी : गढूळ पाणी तुरटीने किंवा निवळीच्या बीने निवळते; पण निवळलेले पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. त्यासाठी पाण्याला खळखळून उकळी आणणे किंवा क्लोरीन वापरणे आवश्यक असते. विहिरीसाठी विरंजक चूर्ण (खेड्यात रूढ नाव ‘टीसीएल पावडर’) वापरतात. साधारण ३३ टक्के क्लोरीन असलेल्या चूर्णाचे प्रमाण १,००० लि. पाण्यास २·५ ग्रॅ. असे धरतात. गोल विहिरीतील पाण्याचे घनफळ व्यासाचा वर्ग, पाण्याची खोली व ०·७८५ यांच्या गुणाकाराने मिळते. उदा., ४ मी. व्यासाच्या विहिरीत ३ मी. पाणी असल्यास ते सु. ३७·७ घ.मी., म्हणजे ३७,७०० लि. भरते व त्यास सु. ९४ ग्रॅ. चूर्ण लागते. ते बादलीत थोड्या पाण्यात कालवून नंतर बादली तीन-चतुर्थांश भरावी. चुना तळाशी बसू द्यावा व वरचे पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती विहिरीच्या पाण्यात सोडून हिसके द्यावेत. चुना विहिरीत टाकू नये. निदान एक तासपर्यंत पाणी काढू नये. उघड्या, उन्हात वा ओलसर जागी राहिलेल्या चूर्णातील क्लोरीन उडून जातो. असे चूर्ण मोजून टाकले, तरी विहीर निर्जंतुक होत नाही. परंतु गावाची समजूत मात्र तशी होते. हा धोका उघड अस्वच्छतेपेक्षाही मोठा आहे.

जुलाबाने आजारी मुलाचा मृत्यू बहुधा शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्याने होतो. १ लि. स्वच्छ पाण्यात सपाट ६ चमचे (चहाचे) साखर व अर्धा चमचा मीठ विरघळविल्यास घरगुती जलसंजीवनी तयार होते. मिठाचे प्रमाण वाढविणे घातक असते. मूल निस्तेज झाल्यास, त्याची लघवी बंद झाल्यास किंवा शौचातून रक्त पडल्यास विलंब न लावता दवाखान्यात न्यावे व वाटेतही पाणी पाजत राहावे.

सांडपाण्यासाठी सु. १ मी. लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा घेऊन तो खाली मोठ्या व वर लहान दगडविटांच्या तुकड्यांनी भरतात. तोंडाशी गाळ व केस अडविणारे छिद्रांचे मडके बसवितात व ते अधूनमधून साफ करतात. खड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान १५ मी. दूर असावा. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे बंद केली व त्यामुळे डासांचा उपद्रव कमी झाला, हे उदाहरण राज्यभर प्रसिद्ध आहे. मुरमाड जमिनीत हा खड्डा उत्तम चालतो. राहुरीच्या कालवा-पट्ट्यातील खोल काळ्या जमिनीत मात्र ओली माती फुगून तिची छिद्रे मिटतात व पाणी मुरत नाही. अशा ठिकाणी सांडपाणी केळ, अळू, शेवगा, कर्दळ यांच्या परसबागेत वळविणे श्रेयस्कर ठरते. एका गावात यशस्वी झालेली कृती दुसऱ्या गावात मातीची परीक्षा न करता उचलू नये, हे यावरून स्पष्ट होते.

शीतकरण व इंधन : कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन जलद होते व त्यासाठी लागणारी उष्णता भोवतालातून घेतली जाते. रांजणातील पाणी थंड राहते ते यामुळेच. याच तत्त्वावर भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ विकसित केला. विटांच्या दोन भिंतींमध्ये सु. ७·५ सेंमी. अंतर ठेवून त्यात नदीची वाळू भरतात व ती सकाळ-संध्याकाळ भिजवितात. वर गवताचे वा गोणपाटाचे ओले आच्छादन घालून सावलीत ठेवल्यास उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १०° ते १५° से. कमी राहते व भाजीपाला अनेक दिवस ताजा राहतो. राहुरीच्या एप्रिल-मेमधील हवेत हा कक्ष उत्तम चालतो. पावसाळ्यात किंवा कोकणच्या दमट हवेत त्याचा लाभ अल्प असतो.

चुलीच्या धुरामुळे स्त्रिया व लहान मुले यांना श्वसनविकार होतात. १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारच्या कार्यक्रमातून सुधारित निर्धूर चुलींचा मोठा प्रसार झाला. पण त्यांतील पुष्कळ चुली पुढे बंद पडल्या. धुराड्यातील काजळी न काढणे आणि मोडलेला भाग पूर्वीच्याच मापाने बांधण्याचे ज्ञान घरात नसणे ही त्याची महत्त्वाची कारणे होत. चूल दिली गेली, ती बांधण्याची कला दिली गेली नाही. प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे (२०१६) गॅस दूरवर पोहोचला असला, तरी पाणी तापविणे व गुरांचे खाद्य शिजविणे यांसाठी अनेक घरांत चूल टिकून आहे. जळण पूर्ण वाळवून बारीक करणे, धुराडे महिन्यातून एकदा झाडणे आणि स्वयंपाकघरात हवा खेळती ठेवणे एवढ्यानेही धूर बराच कमी होतो. गुरे असलेल्या घरास गोबरवायू-संयंत्र सोयीचे पडते. २ घ.मी. क्षमतेच्या संयंत्रास रोज सु. ५० किग्रॅ. शेण व तितकेच पाणी लागते. गुरे विकली गेली, की संयंत्र निकामी होते, हे उभारणीपूर्वीच लक्षात घ्यावे.

घरदुरुस्ती व वीज : पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, हातोडी, करवत, पटाशी, कानस, ओळंबा, पाणसळ व मोजपट्टी एवढ्या हत्यारांत घरातील बहुसंख्य दुरुस्त्या होतात. गळक्या नळाचा वायसर बदलणे, दाराच्या बिजागऱ्या घट्ट करणे, छपराची कौले शाकारणे, भिंतीच्या भेगा भरणे, खुरपे-विळ्यांना धार लावणे ही कामे अल्प सरावाने येतात. भेग भरण्यापूर्वी तिचे कारण शोधावे. काळ्या जमिनीवरील घरांच्या भेगा उन्हाळ्यात रुंदावतात व पावसाळ्यात मिटतात, कारण पायाखालची माती आकसते व फुगते. असा दोष गिलाव्याने जात नाही. पायाजवळ पाणी न मुरू देणे व पाया मुरमापर्यंत नेणे हाच त्यावरील उपाय आहे.

विजेच्या बाबतीत घरच्या माणसाचे काम मर्यादित असते व ती मर्यादा पाळणे जीवनमरणाचे असते. दिवा, बटण, प्लग, फ्यूज यांना हात लावण्यापूर्वी मुख्य कळ बंद करावी. केवळ त्या दिव्याचे बटण बंद करणे पुरेसे नसते, कारण सदोष जोडणीत बटण बंद असूनही तारेत वीज राहू शकते. फ्यूज वारंवार जळत असल्यास जाड तार घालू नये. अशी तार फ्यूज टिकविते व घर जाळते. पावसाळ्यात कपडे वाळविण्याच्या लोखंडी तारेत वीज उतरून होणारे मृत्यू ग्रामीण महाराष्ट्रात परिचित आहेत. वीजवाहक तारेचे आवरण झिजून ती पत्र्याला वा खांबाला टेकते आणि त्यालाच कपड्यांची तार बांधलेली असते. ओल्या कपड्यासह तिला हात लागताच झटका बसतो व सोडवावयास जाणारी दुसरी व्यक्तीही त्यात सापडते. लोखंडी तारेऐवजी नायलॉनची दोरी वापरणे हा अत्यल्प खर्चाचा उपाय आहे. भूयोजन (अर्थिंग) सुस्थितीत ठेवणे व ३० मिलिअँपिअरचे गळती-रोधक बसवून घेणे ही कामे परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घ्यावीत. झटका बसलेल्या व्यक्तीस स्पर्श न करता प्रथम मुख्य कळ बंद करावी. ते अशक्य असल्यास कोरड्या लाकडाने तिला तारेपासून दूर करावे.

मर्यादा व महत्त्व : गृहस्वावलंबनाचा पुरस्कार करताना त्याचे श्रम कोणाच्या वाट्याला येतात, याचा विचार आवश्यक आहे. दळण, जळण व पाणी यांचा भार शतकानुशतके स्त्रियांनी वाहिला. पिठाची गिरणी व नळ आल्याने त्यांना मिळालेली उसंत हे परावलंबन म्हणता येणार नाही. म्हणून वेळ व श्रम यांचा हिशेब करून कोणते काम घरी करावे व कोणते बाहेर द्यावे हे ठरवावे आणि घरच्या कामाची कौशल्ये मुलगे व मुली या दोघांनाही शिकवावीत. सुतार, गवंडी, तारतंत्री यांच्या व्यवसायांना गृहस्वावलंबनाने बाधा येत नाही. काम समजणारे गिऱ्हाईक चांगल्या कारागिराची कदर करते व वाईट कामास वेळीच हरकत घेते.

या कौशल्यांपैकी बरीच पूर्वी पाहून-करून पिढ्यांमागून पिढ्या पोहोचत असत. कुटुंबे विभागली गेल्याने व तयार वस्तू हाती आल्याने ही साखळी तुटली. कृती राहिली व कारण विसरले गेले, किंवा कृती व कारण दोन्ही विसरले गेले. दुष्काळ, पूर, साथ किंवा बाजार बंद पडणे अशा आपत्तींत याची किंमत मोजावी लागते. २०२० च्या टाळेबंदीत ज्या घरी वर्षाचे धान्य, परसातली भाजी व हाताशी हत्यारे होती, त्या घरांची ओढाताण तुलनेने कमी झाली. कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे व शाळा यांनी जुन्या रीतींची शास्त्रीय तपासणी करून त्यांतील योग्य तेवढ्या राखणे, घातक त्या टाकून देणे आणि प्रत्येक कृतीबरोबर तिचे कारण शिकविणे, हा गृहस्वावलंबनाच्या शिक्षणाचा गाभा होय.